दुरुस्तीनंतर मुका झालेला फोन

घरातील एखादी वस्तू बिघडावी, ती दुरुस्तीस द्यावी, आणि दुरुस्त होऊन परत आल्यावर तिचा भलताच अवयव निकामी झालेला आढळावा, हा अनुभव संसारी माणसाला नवा नाही. घड्याळाची काच बदलून आणली की काटे अडखळतात, शिवणयंत्राचा पट्टा बदलला की टाका सुटतो. अलीकडे या मालिकेत मोबाइल फोनची भर पडली आहे. हातातून निसटून फोनचा डिस्प्ले फुटतो, म्हापशाच्या किंवा पणजीच्या दुकानात तो बदलून मिळतो, नवी काच आरशासारखी चकाकते, जुनी छायाचित्रे जशीच्या तशी दिसतात. मात्र वरच्या कोपऱ्यातील लहानमोठ्या उभ्या रेघा नाहीशा झालेल्या असतात आणि त्यांच्या जागी ‘सेवा नाही’ अशी पाटी झळकत असते.

या विषयावर लिहावयास आम्ही प्रवृत्त झालो त्याचे कारण अगदी घरगुती आहे. आमचे वाचक बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेंगळूर अशा दूरदूरच्या नगरांतून पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. परंतु त्यांतील कित्येकांचे कुलदैवत गोमंतकात आहे. कोणाचे नार्व्याच्या सप्तकोटीश्वरापाशी, कोणाचे डिचोलीच्या शांतादुर्गेपाशी. पुष्कळांचे जुने घरही पेडणे वा डिचोली महालात अद्याप उभे आहे आणि त्या घरात वृद्ध आई-वडील, एखादी आत्या किंवा काकी दिवा लावीत आहेत. मुले परप्रांती, नातवंडे परदेशी. या माणसांना एकमेकांशी जोडणारा धागा म्हणजे तो तळहाताएवढा फोन. त्यावरच बँकेचा सांकेतिक क्रमांक येतो, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे जमा झाल्याचा निरोप येतो, गॅसच्या टाकीची नोंदणी होते आणि रात्री-अपरात्री छातीत कळ आली तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिकाही त्यावरूनच बोलावावी लागते. असा फोन चार दिवस मुका राहिला तर दूर असलेल्या मुलाच्या जिवाची काय घालमेल होते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. म्हणून हा दोष कोठून येतो, तो घरी बसून किती ओळखता येतो आणि दुकानदाराशी काय बोलावे, हे आम्ही येथे क्रमाने सांगणार आहोत.

लहरींना वेस नसते

पेडणे महालाच्या उत्तरेस तेरेखोलची नदी आणि दक्षिणेस शापोरा. तेरेखोल ओलांडली की सावंतवाडीचा मुलूख. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगीज सत्तेखाली गेले व ‘नव्या काबिजादी’ म्हणून ओळखले जाऊ लागले. पुढे राज्यकर्त्यांनी वेशीवर पहारे बसविले. पण हवेतून जाणाऱ्या लहरींना पहारेकऱ्याची तमा नसते. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी आंबोलीच्या रानातून गोमंतकाच्या मुक्तीसाठी एक गुप्त नभोवाणी केंद्र सुरू झाले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो या दोघांनी ते चालविले. पुढे ते कॅसलरॉकच्या बाजूस हलविण्यात आले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत त्याचा आवाज पोर्तुगीज व कोकणी भाषांतून गोव्यातील घराघरांत पोहोचत राहिला. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री देऊन भारत सरकारने त्या कार्याचा गौरव केला.

हा इतिहास येथे आठवण्याचे प्रयोजन असे, की त्या काळच्या श्रोत्याला फक्त ऐकावयाचे असे. त्याच्या रेडिओने लहर पकडली की काम झाले. मोबाइल फोनला मात्र ऐकावे लागते आणि उत्तरही द्यावे लागते. मनोऱ्याने हाक मारली, ती फोनला ऐकू आली, फोनने आपले नाव सांगितले, ते मनोऱ्यापर्यंत पोहोचले, त्याने ओळख पटवून घेतली, आणि मगच त्या कोपऱ्यातील रेघा खऱ्या अर्थाने उपयोगी पडतात. या देवाणघेवाणीत एक दुवा तुटला तरी फोन मुका होतो. दोष शोधावयाचा म्हणजे कोणता दुवा तुटला ते पाहावयाचे.

फोनच्या पोटात

फोनच्या पोटात मुख्यतः तीन वस्तूंचा या कामाशी संबंध येतो. पहिली वस्तू सिमकार्ड; ती आपली ओळख सांगते. दुसरी मोडेम, म्हणजे लहरींचे शब्दांत आणि शब्दांचे लहरींत रूपांतर करणारी, मदरबोर्डवर डाख देऊन बसविलेली चीप. दुकानदार तिला व तिच्या सोबतच्या चिपांना मिळून ‘नेटवर्क आयसी’ म्हणतात. तिसरी वस्तू अँटेना. पूर्वीच्या फोनला डोक्यावर शेंडी असे, आता ती दिसत नाही, कारण ती चौकटीतच दडविलेली असते. धातूच्या चौकटीवर ज्या बारीक प्लॅस्टिकच्या रेघा दिसतात, त्या शोभेसाठी नसून अँटेनाचे भाग एकमेकांपासून अलग ठेवण्यासाठी असतात.

पुष्कळशा फोनमध्ये मदरबोर्ड वरच्या बाजूस आणि मुख्य अँटेना खालच्या बाजूस, चार्जिंगच्या भोकापाशी असते. त्या ठिकाणी एक छोटा दुय्यम बोर्ड असतो. दुकानात त्याला ‘सब-बोर्ड’ किंवा ‘चार्जिंग पट्टी’ म्हणतात. वरचा बोर्ड आणि खालची अँटेना यांना जोडणारी सुतळीहूनही बारीक अशी एक तार बॅटरीच्या कडेने जाते. तिच्या दोन्ही टोकांना मोहरीच्या दाण्याएवढी गोल टोपी असते आणि ती ब्लाऊजच्या बटणाप्रमाणे टच्‌ करून दाबून बसवावी लागते. डिस्प्ले वा बॅटरी बदलताना ही तार काढावी लागते, आणि ती पुन्हा नीट न बसणे हे दुरुस्तीनंतर रेंज जाण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे.

गोव्यातल्या वाचकांना आम्ही खाजणाची उपमा देऊ. नदीला भरती आली तरी मानशीचे दार उघडले नाही तर पाणी आत येत नाही. मनोरा म्हणजे नदी, मोडेम म्हणजे खाजण आणि अँटेनाची ती बारीक तार म्हणजे मानस. दार अर्धवट अडकले तर थोडे पाणी झिरपत राहते. त्याचप्रमाणे तार निसटलेल्या फोनमध्येही मनोऱ्याच्या अगदी जवळ गेल्यास एखादी रेघ उमटते. घरी आले की ती जाते. दुकान गावाच्या मध्यावर, मनोऱ्यानजीक असल्यामुळे दुकानात फोन बरा दिसतो आणि कदंबच्या बसने तासभर प्रवास करून घरी पोहोचल्यावर तो पुन्हा मुका होतो, याचे रहस्य बहुधा येथेच असते.

याखेरीज आणखी तीन ठिकाणी हात चुकण्याचा संभव असतो. पाठीच्या झाकणाला टेकणाऱ्या सोनेरी रंगाच्या चिमुकल्या स्प्रिंगा दबल्या वा वाकल्या तर चौकटीतील अँटेनाशी संपर्क तुटतो. निरनिराळ्या लांबीचे स्क्रू अदलाबदल होऊन लांब स्क्रू आखूड भोकात पिळला गेला तर तो मदरबोर्डच्या आतील तारा कापतो. ही इजा कायमची असते. आणि चार्जिंग पट्टी बदलताना मूळ भागाऐवजी स्वस्तातील नकली पट्टी घातली तर चार्जिंग उत्तम होते, पण रेंज खालावते, कारण त्या पट्टीवर अँटेनाचा जो भाग असतो तो निकृष्ट असतो.

पाटी वाचावी, मग उपाय करावा

फोनच्या पडद्यावर काय लिहून येते याकडे पुष्कळजण लक्ष देत नाहीत. ‘टॉवर नाही’ एवढेच सांगतात. वस्तुतः पाटी निरनिराळी असली म्हणजे रोगही निरनिराळा असतो.

‘सिम नाही’ असे दिसत असेल तर अँटेनाचा काही दोष नाही. सिमची तबकडी तिरकी बसली आहे, आतील टाचण्या वाकल्या आहेत, कार्डावर ओल वा मळ आहे, किंवा सिम वाचणारी पट्टी जोडावयाची राहिली आहे. कार्ड काढून कोरड्या मऊ कापडाने पुसून पुन्हा बसवावे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आजकाल कार्डाशिवाय, फोनच्या आतच असलेले ‘ई-सिम’ काहीजण वापरतात. मदरबोर्डच बदलला गेला असेल तर ते ई-सिम जुन्या बोर्डाबरोबर गेले. कंपनीकडून ते नव्याने घ्यावे लागते.

‘फक्त आणीबाणीचे कॉल’ अशी पाटी असेल तर फोनला कोणत्या तरी मनोऱ्याची हाक ऐकू येत आहे, परंतु त्याची नोंद झालेली नाही. सिम बंद पडले आहे का ते आधी पाहावे. सलग ९० दिवस वापर नसल्यास आणि खात्यात पुरेशी शिल्लक नसल्यास क्रमांक बंद होऊ शकतो. आजीचा फोन महिनोन्‌महिने दुकानात वा कपाटात पडून राहिला असेल तर हे घडू शकते. सिम ठीक असेल तर फोन ऐकतो पण त्याचा आवाज बाहेर जात नाही, म्हणजे लहर बाहेर फेकणारी चीप दुबळी झाली आहे, असाही संभव असतो. अशा स्थितीतही ११२ हा क्रमांक लावून पाहता येतो, हे मात्र घरातील सर्वांना सांगून ठेवावे. आणीबाणीचा हा कॉल हाती येईल त्या कंपनीच्या जाळ्यातून जाऊ शकतो.

‘सेवा नाही’ असे असेल तर *#०६# ही कळ दाबावी. पडद्यावर पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक उमटला आणि सेटिंगमधील ‘फोनविषयी’ या पानावर बेसबँडची आवृत्ती दिसली, तर मोडेम जिवंत आहे असे समजावे आणि संशय अँटेनाच्या तारेवर घ्यावा. क्रमांक कोरा आला, शून्ये आली किंवा बेसबँडपुढे ‘अज्ञात’ असे लिहून आले, तर मोडेमशीच बोलणे तुटले आहे. मग सिम बदलून, गच्चीवर जाऊन, फोन दहा वेळा बंद-चालू करून उपयोग नाही. अशा वेळी चिपेचे डाख निखळलेले असतात, बोर्डाला तडा गेलेला असतो किंवा दुकानात सॉफ्टवेअर नव्याने भरताना मोडेमची नोंद पुसली गेलेली असते. हे काम गरम हवेचे यंत्र आणि सूक्ष्मदर्शक बाळगणाऱ्या जाणत्या कारागिराचे आहे. डिस्प्ले बदलणाऱ्या प्रत्येकाचे नव्हे.

रेघा भरपूर आहेत, पण इंटरनेट चालत नाही, असे असेल तर दोष बहुधा सेटिंगचा. बॅटरी निघाल्यामुळे तारीख-वेळ मागे गेली असेल तरी पाने उघडत नाहीत. तारीख आधी पाहावी. सगळे पुसून फोन नव्यासारखा केला गेला असेल तर कंपनीचे एपीएन पुन्हा भरावे लागते. इंटरनेट चालते पण कॉल लागत नाही, असे असेल तर ‘व्होल्टी’ची कळ बंद आहे का ते बघावे. जिओच्या जाळ्यात टूजी व थ्रीजी मुळातच नाहीत. तेथे आवाजाचा कॉलही फोरजीवरूनच जातो. म्हणून ‘तोवर हा जुना बटणांचा फोन वापर’ असे म्हणून जिओचे सिम जुन्या टूजी फोनात घातले तर तो फोन चांगला असूनही मुकाच राहणार.

घरच्या घरी चार कसोट्या

पहिली कसोटी अदलाबदलीची. आपले सिम शेजाऱ्याच्या फोनात आणि त्याचे चालू सिम आपल्या फोनात घालावे. आपले सिम तिकडे चालले आणि त्याचे सिम इकडे मुके झाले तर दोष फोनचा. दोन्हीकडे उलट घडले तर दोष सिमचा. पाच मिनिटांत निकाल लागतो, आणि दुकानदाराने ‘काकी, सिम बदलून बघा’ असे म्हटले तर त्याला उत्तर देता येते.

दुसरी कसोटी विनाखर्चाची. धातूचे वा लोहचुंबक असलेले कव्हर काढावे. विमानातील वापराची कळ अर्धा मिनिट चालू करून बंद करावी. फोन पूर्ण बंद करून सिम काढून पुन्हा घालावे. कंपनी स्वतः निवडून पाहावी. एवढ्याने भागले नाही तर नेटवर्कची सेटिंग मूळपदावर आणावीत. त्यात छायाचित्रे जात नाहीत, मात्र वाय-फायचे सांकेतिक शब्द पुसले जातात, ते आधी लिहून ठेवावेत.

तिसरी कसोटी मोजमापाची. रेघा मोजण्यात अर्थ नाही, कारण किती बळाला किती रेघा दाखवावयाच्या हे प्रत्येक कारखाना आपल्या मनाने ठरवितो. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘फोनविषयी’ या सदरात सिमच्या स्थितीखाली बळाचा आकडा उणे चिन्हासह, डीबीएम या मापात दिलेला असतो. फोरजीवर उणे ८० ते ९० म्हणजे उत्तम, उणे १०० च्या आसपास कामचलाऊ, आणि उणे ११५ च्या पलीकडे जवळजवळ काहीच नाही. हे माप असे विलक्षण आहे की दहाचा फरक म्हणजे बळ दसपटीने कमी आणि वीसचा फरक म्हणजे शंभरपटीने कमी. त्याच कंपनीचे सिम असलेला दुसरा चांगला फोन शेजारी ठेवावा आणि ओसरीवर, माजघरात व अंगणात दोन्ही आकडे टिपावेत. दोन-चारचा फरक कोणत्याही दोन फोनमध्ये असतो. पण आपला फोन सर्वत्र पंधरा-वीसने मागे पडत असेल तर अँटेनाची तार वा स्प्रिंग याविषयी शंका उरत नाही. हे तीन जागांचे आकडे कागदावर लिहून दुकानात नेल्यास बोलणे पटकन मुद्द्यावर येते.

चौथी खूण मोजावी लागत नाही, ती हाताला कळते. दुरुस्तीनंतर फोन तापू लागला आणि बॅटरी दुपारपर्यंतच उतरू लागली, तर लोक बॅटरीला दोष देतात. कित्येकदा दोष अँटेनाचा असतो. मनोऱ्यापर्यंत आवाज पोहोचत नाही म्हणून फोन अधिकाधिक जोराने ओरडत राहतो आणि त्यात त्याची शक्ती खर्ची पडते.

वाय-फाय उत्तम चालते म्हणून अँटेना चांगली, असा समज मात्र करून घेऊ नये. वाय-फायची अँटेना निराळी असते आणि तिचे तंत्रही निराळे.

फोनचा दोष की भूमीचा?

पेडणे आणि डिचोलीचा प्रदेश लहान असला तरी सपाट नाही. हरमल, केरी, मांद्रे ही समुद्राकाठची गावे. मोपा आणि धारगळचे सडे. आणि डिचोलीकडे मये, मुळगाव, साखळीच्या डोंगरांमधील खोलगट वाडे. सड्यावर रेंज भरपूर आणि खाली वाड्यात शून्य, हे फोन न बिघडताही घडते. २०२० साली शाळा घरून भरू लागल्या तेव्हा गोव्यातील डोंगराळ भागातली मुले पुस्तके घेऊन टेकडीवर जाऊन बसत, हे सर्वांना ठाऊक आहे. जुन्या घरांच्या जाड चिऱ्यांच्या भिंती लहरींचे बळ पुष्कळ शोषून घेतात. म्हणूनच वर सांगितलेली शेजारच्या फोनशी तुलना आवश्यक. दोन्ही फोन माजघरात सारखेच मुके होत असतील तर बिचाऱ्या कारागिराला बोल लावू नये. अशा घरी तारेचे ब्रॉडबँड असल्यास ‘वाय-फाय कॉलिंग’ची कळ चालू करावी, म्हणजे रेंज दुबळी असतानाही साधा कॉल त्या वाटेने जातो.

पाऊस पडला की रेंज जाते, ही समजूतही तपासून घेण्याजोगी आहे. मोबाइल ज्या लहरींवर चालतो त्यांना पावसाच्या धारांचा फारसा अडथळा होत नाही. ओलीचिंब झाडी थोडे बळ खाते. पण खरे कारण बहुधा वीज गेल्याने मनोराच बंद पडणे हे असते. तसेच पेडण्याची पुनव, डिचोलीचा नवा सोमवार किंवा शिरगावची लईराईची जत्रा अशा दिवशी सगळ्या रेघा दिसत असूनही कॉल लागत नाही, तेव्हा मनोऱ्यावर माणसांची दाटी झालेली असते. जत्रा पांगली की तो दोष आपोआप नाहीसा होतो.

हवेचा परिणाम मात्र खराखुरा आहे. वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस आणि किनाऱ्यावरचे खारे वारे यांपासून वाचण्यासाठी कारखान्यात फोनच्या कडेला डिंकाची बारीक झालर लावलेली असते. फोन एकदा उघडला की ती झालर तुटते. ती नव्याने लावली नाही तर आषाढातली दमट हवा आत शिरते आणि तांब्याच्या टोकांवर हिरवा कीट चढतो. दुरुस्तीनंतर दोन महिन्यांनी हळूहळू रेंज खालावत गेली तर हे कारण ध्यानात घ्यावे. जाणता कारागीर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती टोके पुसून काढतो. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरण्याचा उपाय घरोघर प्रसिद्ध आहे. त्याने पाणी निघत नाही, उलट तांदळाची पूड भोकांत शिरते.

परप्रांतातून येणाऱ्यांसाठी

दूरसंचाराच्या नकाशात गोवा स्वतंत्र नाही. मुंबई वगळून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच मंडळ आहे. त्यामुळे केरीच्या किनाऱ्यावरील फोनने तेरेखोलपलीकडचा मनोरा पकडला, अथवा पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्यास गेले, तरी तेथील सिम रोमिंगवर जात नाही. पण बडोद्याचे सिम गुजरात मंडळाचे, इंदूरचे मध्यप्रदेशाचे, बेळगावचे कर्नाटकाचे. ते घेऊन आपण मोपाच्या विमानतळावर उतरलो की आपला फोन पाहुणा असतो. दुरुस्तीच्या वेळी सेटिंग पुसली गेली असतील तर ‘डेटा रोमिंग’ची कळ बंद होते, आपल्या गावी ते कळतच नाही आणि गोव्यात पाऊल ठेवताच इंटरनेट बंद पडते. फोन बिघडला असे समजून दुकान गाठण्यापूर्वी ती एक कळ पाहून घ्यावी.

परदेशातून आणलेल्या फोनची कथा आणखी निराळी. आखातातून वा पोर्तुगालहून आलेला फोन तिकडच्या लहरपट्ट्यांसाठी बनविलेला असतो. आपल्याकडे फोरजी ८५०, ९००, १८००, २१०० आणि २३०० मेगाहर्ट्‌झ अशा पट्ट्यांवर चालते आणि कोणत्या कंपनीकडे कोणती पट्टी हे वेगवेगळे असते. देशी फोनचा बोर्ड काढून परदेशी बनावटीचा बोर्ड घातला गेला तर एका कंपनीचे सिम उत्तम चालते आणि दुसरीचे अडखळते. एकच फोन, एकच अँटेना, तरीही सिमप्रमाणे वागणूक बदलते, तेव्हा हा संशय घ्यावा.

पंधरा अंकांची ओळख

आयएमईआय हा फोनचा जन्मक्रमांक. मदरबोर्ड बदलला की तो बदलतो. यात एक धोका आहे. दुकानदाराने घातलेला जुना बोर्ड चोरीच्या फोनचा निघाला आणि तो क्रमांक सरकारी यादीत बंद केलेला असला, तर फोन निर्दोष असूनही कोणताही मनोरा त्याला दारात उभा करीत नाही. भारत सरकारच्या ‘संचार साथी’ या सेवेवर, किंवा १४४२२ या क्रमांकाला ‘केवायएम’ या इंग्रजी अक्षरांपुढे तो क्रमांक लिहून संदेश पाठविल्यास, त्याची माहिती मिळते. ‘जुना क्रमांक नव्या बोर्डावर चढवून देतो’ असे कोणी सुचविल्यास स्पष्ट नकार द्यावा. २०२३ च्या दूरसंचार कायद्याप्रमाणे या क्रमांकात फेरफार करणे हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत.

दुकानाची पायरी उतरण्यापूर्वी

गावातला कारागीर हा आपला शत्रू नव्हे. मूळ कंपनीचे सुटे भाग त्याला सहज मिळत नाहीत. तो बहुधा पाहून-पाहून शिकलेला असतो आणि एका दिवसात दहा बनावटींचे फोन उघडतो. त्याच्या हातून तार बसावयाची राहिली तर ती पुन्हा बसविणे हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि सौजन्याने सांगितल्यास तो ते आनंदाने करतो. मात्र ते त्याच दिवशी, त्याच्या टेबलापाशी उभे राहून करून घेतले पाहिजे.

म्हणून फोन देण्यापूर्वी सिम काढून घ्यावे, आयएमईआय कागदावर टिपावा आणि रेंजचा आकडा लिहून ठेवावा. परत घेताना झाकण व कव्हर पूर्ण बसवून झाल्यावर सिम घालावे, आकडा पुन्हा पाहावा, एक कॉल लावावा, एक घ्यावा, आणि दोन्हीकडचा आवाज ऐकावा. आयएमईआय तोच आहे याची खात्री करावी. बदललेला जुना भाग मागून घ्यावा आणि कोणता भाग मूळचा, कोणता नकली हे पावतीवर लिहून घ्यावे. ती पावती हाती असली तर पुढे १९१५ या राष्ट्रीय ग्राहक सेवेच्या क्रमांकावर दाद मागता येते. पावतीवाचून तोंडी बोलण्याला तेथे वजन नाही. अँटेनाची तार किंवा पट्टी हा किरकोळ खर्च आहे. मोडेमचे डाख पुन्हा देण्याची वेळ आली तर मात्र फोनची आजची किंमत आणि कामाचा खर्च यांची तुलना करावी आणि कामाची हमी विचारल्याशिवाय बोर्ड तापवू देऊ नये.

दूर राहणाऱ्या मुला-मुलींना आमची एक सूचना आहे. आई-वडिलांच्या घरी एक दुसरा साधा, पण फोरजी चालणारा फोन चार्ज करून ठेवावा. आणि शक्य तर दुसऱ्या कंपनीचे एक सिम त्यात असावे. दोन शेजाऱ्यांचे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून देवघराजवळ लावावेत. आपला फोन लागला नाही तर प्रथम शेजाऱ्याकडे विचारपूस करावी. आई रुसली आहे किंवा आजारी आहे अशा दोन्ही शंका त्याने मिटतात. आणि ‘तुला फोन वापरता येत नाही’ असे तिला कधी म्हणू नये. बोटाएवढ्या तारेची टोपी निसटली असेल तर त्यात सत्तर वर्षांच्या बाईचा काय अपराध?

चवथीला गणपतीची माटोळी बांधण्यासाठी आमचे कितीतरी वाचक गावी जातील. माटोळीची फळे बांधून झाली, आरत्या झाल्या, की दुपारच्या निवांत वेळी घरातील वडीलमंडळींचे फोन घेऊन बसावे, वरच्या चार कसोट्या लावाव्यात आणि आकडे एका वहीत टिपून ठेवावेत. पुढच्या वेळी फोन पडला, दुरुस्त होऊन आला आणि मुका झाला, तर ती वही उघडून आई स्वतःच दुकानदाराला सांगू शकेल की पूर्वी ओसरीवर आकडा उणे ९२ होता आणि आज तो उणे ११४ आहे.